धर्मग्रामातील दातृत्व आणि सामुदायिक जीवन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वसई धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपांच्या अधिकाराखालचा प्रदेश, १९९८ साली मुंबईच्या महाधर्मप्रांतापासून वेगळा झाला. येथील धर्मग्राम मात्र त्याहून कितीतरी जुने आहेत. पापडी, सांडोर, रमेदी, गास, निर्मळ, नंदाखाल, आगाशी या गावांत चर्चची घंटा, शेताचा बांध आणि शेजाऱ्याचे अंगण ही एकाच जगण्याची अंगे होती. आता त्याच गावांत इमारती उभ्या राहिल्या आहेत. केरळ, मंगळूर, गोवा आणि मुंबईहून आलेली कॅथलिक कुटुंबे येथे राहतात आणि जुन्या घरांतील मुले परदेशी आहेत. धर्मग्रामाच्या वित्त समितीत आणि त्यानंतर गरजूंना मदत करणाऱ्या संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीत काम करताना जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारण्यात आले, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

धर्मग्राम म्हणजे नेमके काय? चर्चची इमारत म्हणजेच धर्मग्राम का?

नाही. १९८३ साली जाहीर झालेल्या कॅनन कायद्याच्या, म्हणजे ख्रिस्तसभेच्या नियमसंहितेच्या, ५१५ व्या कलमात धर्मग्रामाची व्याख्या ‘श्रद्धावंतांचा निश्चित समुदाय’ अशी केलेली आहे. त्या समुदायाची काळजी बिशपांच्या अधिकाराखाली एका प्रमुख धर्मगुरूंकडे सोपवलेली असते. म्हणजे आधी माणसे आणि मग इमारत. वसईच्या इतिहासात याचा पुरावाच मिळतो. १५३४ ते १७३९ या काळात वसईवर पोर्तुगिजांची सत्ता होती, किल्ल्यात मोठमोठी ख्रिस्तमंदिरे होती आणि गरिबांच्या व आजाऱ्यांच्या सेवेसाठी मिझेरिकॉर्दिया ही संस्थाही होती. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकल्यावर राजाश्रय संपला. किल्ल्यातील त्या मंदिरांच्या आज केवळ भिंती उभ्या आहेत, पण बाहेरच्या गावांतील समाज टिकला, कारण तो एकमेकांच्या आधारावर उभा होता.

मी भाड्याच्या घरात राहतो आणि माझे मूळ गाव दुसरे आहे. मी कोणत्या धर्मग्रामाचा?

आपण जेथे राहता, तेथील. धर्मग्राम सामान्यतः भौगोलिक असतो. त्याच्या हद्दीत राहणारा प्रत्येक कॅथलिक, घर मालकीचे असो वा भाड्याचे, त्या धर्मग्रामाचाच असतो. कार्यालयात कुटुंबाची नोंद करावी आणि आपल्या इमारतीचा किंवा आळीचा लहान ख्रिस्ती समूह, म्हणजे शेजारच्या कॅथलिक कुटुंबांचा गट, कोणता, हे विचारून घ्यावे. नोंद नसल्यामुळे आजारपणात किंवा मृत्यूच्या प्रसंगी कुणाला कळतच नाही आणि कुटुंब एकटे पडते, असे नव्या वस्त्यांत अनेकदा घडते.

रविवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनेत, थैली का फिरवतात? प्रार्थनेच्या मध्येच पैसे गोळा करणे अनेकांना खटकते.

थैली दानार्पणाच्या वेळी फिरते आणि त्यामागे अर्थ आहे. त्याच क्षणी भाकर आणि द्राक्षारस वेदीकडे नेले जातात आणि त्यांच्या सोबतीने आपल्या श्रमाचा एक अंश पुढे जातो. ही प्रथा फार प्राचीन आहे. इ. स. १५५ च्या सुमारास संत जस्टिन यांनी रोममधील ख्रिस्ती लोकांच्या रविवारच्या उपासनेचे वर्णन लिहून ठेवले आहे. ऐपत असलेले लोक स्वेच्छेने देतात, जमलेली रक्कम प्रमुखाकडे ठेवली जाते आणि तो तिच्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी व परके यांची काळजी घेतो, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. या यादीत इमारतीचा उल्लेख नाही, कारण त्या काळी ख्रिस्ती लोकांच्या सार्वजनिक इमारती नव्हत्याच. आज वीजबिल, छताची डागडुजी आणि सेवकांचे पगार हे खर्च खरे आहेत आणि ते भागवावेच लागतात. तरीही ती मूळ यादी प्रत्येक वित्त समितीने आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी, असे मला मनापासून वाटते.

किती द्यावे? उत्पन्नाचा दहावा हिस्सा देणे सक्तीचे आहे का?

कॅथलिक ख्रिस्तसभेत दशांशाची सक्ती नाही. कॅनन कायद्याचे २२२ वे कलम ख्रिस्तसभेच्या गरजा भागवण्यास हातभार लावण्याचे कर्तव्य सांगते. उपासना, धर्मकार्य, प्रेमकार्य आणि सेवकांचा योग्य उदरनिर्वाह या त्या गरजा. त्याच कलमात सामाजिक न्यायासाठी झटण्याचे आणि आपल्या मिळकतीतून गरिबांना साहाय्य करण्याचे कर्तव्यही सांगितले आहे. टक्केवारी कोठेही दिलेली नाही. संत पौल करिंथकरांना लिहितात की प्रत्येकाने मनात ठरवले असेल तसे द्यावे, कुरकुरत किंवा जुलमाने देऊ नये.

व्यवहारात मी एवढेच सुचवतो की रक्कम महिन्याच्या आरंभी ठरवावी, उरलेल्यातून देऊ नये. ज्याचे उत्पन्न हंगामी आहे, उदाहरणार्थ वाडीवाला शेतकरी किंवा रोजंदारीवरचा कामगार, त्याने हंगामाप्रमाणे द्यावे. ज्या महिन्यात मुलाची फी भरायची आहे, त्या महिन्यात काहीच न देणे यात कसलाही दोष नाही.

वर्गणी थकली असेल तर बाप्तिस्मा, लग्न किंवा दफनविधी अडवता येतो का?

अडवता येत नाही. याविषयी नियम इतका स्पष्ट आहे की तो प्रत्येक कॅथलिक कुटुंबाला पाठ असायला हवा. ८४८ व्या कलमानुसार संस्कार देणाऱ्याने ठरवून दिलेल्या देणगीखेरीज काहीही मागू नये आणि गरिबीमुळे कोणीही गरजू संस्कारांपासून वंचित राहणार नाही याची सतत काळजी घ्यावी. दफनविधीसंबंधी ११८१ वे कलम हेच बजावते: गरिबाला योग्य अंत्यविधी नाकारला जाऊ नये आणि त्यात पक्षपातही होऊ नये.

तरीही प्रत्यक्षात काय घडू शकते, हे मी एकदा पाहिले आहे. एका चर्चच्या कार्यालयात, ते कोणते हे सांगण्याची गरज नाही, एक बाई मुलाच्या लग्नासाठी त्याचा बाप्तिस्म्याचा दाखला मागायला आल्या होत्या. टेबलामागच्या माणसाने जाडजूड वही उघडली, त्यांच्या घराच्या ओळीवरून बोट फिरवले आणि पाच वर्षांची बाकी किती होते ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवले. त्या बाईंनी पर्स उघडली, आतल्या नोटा न काढताच मोजल्या आणि ‘नंतर येते’ म्हणून त्या निघून गेल्या. दाखला कुणी नाकारला नव्हता. तो माणूस कदाचित हेच सांगेल. पण त्या पुन्हा आल्या नाहीत, आणि मुलाचे लग्न पुढे नोंदणी कार्यालयात झाल्याचे मला नंतर समजले. धर्मग्रामात काम करणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग आपल्याच टेबलावर घडला असे समजून विचार करावा. बाकीची वही आणि दाखल्यांची वही एकाच वेळी एकाच टेबलावर उघडू नये, एवढा साधा नियम केला तरी पुष्कळ दुःख टळेल.

मिस्सेसाठी दिली जाणारी दक्षिणा म्हणजे मिस्सेची किंमत का?

मिस्सेला किंमत नसते. एखाद्या मृत नातेवाइकासाठी किंवा एखाद्या हेतूसाठी मिस्सा अर्पण करण्याची विनंती करताना जी रक्कम दिली जाते, तो धर्मगुरूंच्या निर्वाहाला आणि ख्रिस्तसभेच्या कार्याला दिलेला हातभार आहे. या बाबतीत व्यापाराचा संशयसुद्धा येऊ नये, असे ९४७ वे कलम म्हणते. एका दिवशी एकापेक्षा अधिक मिस्सा अर्पण करणारे धर्मगुरू त्यांपैकी एकाच मिस्सेची दक्षिणा स्वतःकडे ठेवू शकतात, नाताळचा दिवस एवढाच अपवाद आहे. शिवाय काहीही न देऊ शकणाऱ्या गरिबांच्या हेतूसाठीही मिस्सा अर्पण करावी, अशी धर्मगुरूंना कळकळीची सूचना आहे. म्हणून पैसे नाहीत या कारणास्तव आईवडिलांच्या पुण्यतिथीची मिस्सा सांगायचे कुणी टाळू नये.

जमलेले पैसे जातात कोठे आणि हिशेब कोण पाहतो?

प्रत्येक धर्मग्रामात वित्त समिती असणे कॅनन कायद्याच्या ५३७ व्या कलमाने बंधनकारक केले आहे. धर्मगुरूंना सल्ला देणारी धर्मग्राम परिषद बिशपांच्या निर्णयावर अवलंबून असते, वित्त समिती मात्र ऐच्छिक नाही. तसेच १२८७ वे कलम सांगते की श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब श्रद्धावंतांना देण्यात यावा. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांना धर्मादाय आयुक्तांच्या देखरेखीखाली लेखापरीक्षणही करून घ्यावे लागते. म्हणून हिशेब मागणे म्हणजे धर्मगुरूंवर अविश्वास दाखवणे, ही समजूत चुकीची आहे. ज्याने दिले त्याला विचारण्याचा अधिकार आहे, आणि ज्याला देता आले नाही तोही त्याच समुदायाचा असल्यामुळे त्यालाही आहे.

पैसे मोजण्याचे काम कसे होते, हे लोकांनी एकदा बसून पाहावे. शेवटची मिस्सा आटोपली की थैल्या एका लांब टेबलावर रिकाम्या होतात. चार-पाच जण बसतात. एकाच घरातील दोघे एका वेळी नसतात. नाणी वेगळी होतात, दहाच्या नाण्यांचे दहा-दहाचे खांब उभे राहतात, चुरगळलेल्या नोटा तळहाताने सरळ केल्या जातात. एखादी नोट चार घड्या घालून इतकी बारीक केलेली असते की ती उलगडायला वेळ लागतो. कुणी तरी ती मुठीत लपवून आणलेली असते, शेजारच्याला रक्कम दिसू नये म्हणून. ती रक्कम फार मोठी असेल म्हणून लपवली की फार लहान असेल म्हणून, हे आम्ही कधीच जाणू शकत नाही. मोजणी झाली की आकडा दोन वेळा ताडून पाहतात, सगळे सह्या करतात आणि रक्कम बँकेत जाते. ज्या धर्मग्रामात हा आकडा पुढच्या रविवारी फलकावर लागतो, तेथे दान वाढते असा माझा अनुभव आहे, आणि वाढले नाही तरी कुजबूज नक्कीच थांबते.

एका कामासाठी दिलेले दान दुसऱ्या कामाला वळवता येते का?

नाही. ठरावीक हेतूसाठी दिलेले दान त्याच हेतूसाठी वापरावे, असे १२६७ वे कलम सांगते. औषधपाण्याच्या निधीतून रंगकाम होऊ शकत नाही. मूळ काम पूर्ण होऊन रक्कम उरली असेल, तर दात्यांना विचारावे.

काही रविवारच्या वर्गण्या तर मुळातच धर्मग्रामाबाहेर जातात. ऑक्टोबरातील शेवटून दुसऱ्या रविवारी, मिशन रविवारी, जमलेले दान जगभरातील गरीब धर्मप्रांतांसाठी असते. ही प्रथा १९२६ मध्ये सुरू झाली. उत्तम शुक्रवारचे, म्हणजे गुड फ्रायडेचे, दान पवित्र भूमीतील ख्रिस्ती समाजासाठी आणि जूनअखेरच्या संत पेत्र व पौल यांच्या सणाच्या सुमाराचे दान पोपमहोदयांच्या प्रेमकार्यासाठी जाते. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात कॅरितास इंडिया या १९६२ साली स्थापन झालेल्या समाजसेवी संस्थेच्या कामासाठीही निधी उभा राहतो. आपले छत गळत असतानाही दुसऱ्याच्या छतासाठी देणे हे त्या दिवसांचे प्रयोजन आहे, म्हणून ‘आधी आपले बघू’ हा आग्रह त्या दिवशी तरी बाजूला ठेवावा.

देणाऱ्याचे नाव फलकावर किंवा बाकावर कोरावे का?

यावर एकमत नाही. जुन्या देणगीदारांच्या नावांमुळे धर्मग्रामाचा इतिहास कळतो, हे खरे आहे. परंतु उजवा हात काय करतो हे डाव्या हाताला कळू नये, ही शिकवण ज्या मंदिरात वाचली जाते, तेथील प्रत्येक पंख्यावर नाव असावे हे मला पटत नाही. मृत व्यक्तीच्या स्मरणार्थ एखादी पाटी असावी. रकमांच्या उतरत्या क्रमाने जिवंत देणगीदारांची यादी मात्र लावू नये, कारण त्या यादीत जो शेवटी येतो आणि जो येतच नाही, त्या दोघांनाही ती रोज वाचावी लागते. विधवेने मंदिराच्या दानपेटीत टाकलेली दोन छोटी नाणी येशूने पाहिली आणि शिष्यांना बोलावून दाखवली, पण त्या विधवेचे नाव शुभवर्तमानात नाही.

गरजू कुटुंबापर्यंत मदत कशी पोहोचते?

बहुतेक धर्मग्रामांत हे काम संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी करते. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या मित्रांसोबत ती सुरू केली. ‘तुमचा धर्म गरिबांसाठी आज काय करतो?’ असा सवाल त्याला केला गेला होता आणि त्याने सभेत उत्तर देण्याऐवजी एका गरीब घरी जळाऊ लाकडे पोहोचवली. सोसायटीची पद्धत आजही तीच आहे. सभासद गरजूला कार्यालयात बोलावत नाहीत, दोघे मिळून त्याच्या घरी जातात.

घरी जाणे म्हणजे चौकशी करणे नव्हे, हे नव्या सभासदांना शिकवावे लागते. पहिल्या भेटीत वही काढायची नाही. दिलेला चहा नाकारायचा नाही. तो त्या घराचा मान आहे, आणि ज्याच्याकडून आपण काही घेतले आहे त्याला आपल्याकडून घेणे सोपे जाते. मी ज्यांच्याबरोबर पहिल्यांदा गेलो ते ज्येष्ठ गृहस्थ पायरीवर चपला अशा काढून ठेवत की त्यांचे तोंड घराबाहेर असायचे. ‘आपण इथे राहायला आलेलो नाही, घर त्यांचे आहे, एवढे आपल्या लक्षात राहावे म्हणून,’ असे ते म्हणत. धान्य द्यायचे असेल तर ते साध्या पिशवीतून, संध्याकाळी आणि शक्यतो त्याच आळीतील दुकानातून घेऊन द्यावे. आजारपणात औषधांचे पैसे थेट औषधाच्या दुकानात भरावेत, शाळेची फी शाळेत. आणि ज्याला मदत झाली त्याचे नाव सोसायटीच्या बैठकीबाहेर कुणालाही, अगदी आपल्या घरातही, सांगू नये.

छायाचित्रे काढू नयेत. अलीकडे किराण्याची पिशवी देताना हातात हात घालून काढलेले फोटो व्हॉट्सॲपवर फिरतात. ज्याच्या हातात पिशवी आहे त्याची मुलगीही त्याच समूहात असते आणि तिच्या वर्गातील मुलेही असतात.

आम्हाला खरोखर अडचण आहे, पण मागायला लाज वाटते.

ही भावना अगदी स्वाभाविक आहे आणि ती कुणी हसण्यावारी नेऊ नये. प्रमुख धर्मगुरूंना किंवा एखाद्या धर्मभगिनीला एकांतात सांगावे, एवढे पुरेसे असते. पुढे काय करायचे हे त्यांनाच ठरवू द्यावे, आणि आपले नाव पुढे जाणार नाही. एक गोष्ट लक्षात असू द्यावी. ज्यांनी आज दिले, त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरात दोन पिढ्यांमागे याच धर्मग्रामातून धान्य आले होते. ते आज हे बोलून दाखवणार नाहीत, पण जुन्या सभासदांना ते माहीत असते.

देण्यासाठी पैसे नाहीत, थोडा वेळ आहे. त्याचा काही उपयोग होईल का?

धर्मग्राम मुख्यतः वेळेवरच चालतो. रविवारी मुलांना धर्मशिक्षण देणारे शिक्षक, गायकवृंद, वेदीची वस्त्रे धुऊन इस्त्री करणाऱ्या बायका, आजाऱ्यांकडे ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेतील पवित्र भाकर, घेऊन जाणारे सेवक यांना कुणी वेतन देत नाही. ज्याला बँकेचे किंवा सरकारी अर्ज भरता येतात, त्याने महिन्यातून एक सकाळ कार्यालयात बसून वृद्धांचे अर्ज भरून दिले, तर ती सेवा मोठ्या देणगीहून मोलाची ठरेल.

सर्वांत अधिक गरज मयताच्या घरी असते. आमच्या गावांत मृत्यूची घंटा वाजली की आळीतली माणसे न सांगता गोळा होतात. दोघे धर्मगुरूंना कळवायला जातात, दोघे दफनभूमीकडे, कुणी शवपेटीची व्यवस्था पाहतो, कुणी दूरच्या नातेवाइकांना फोन करतो. त्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारच्या बायका पेज आणि भाजी घेऊन येतात आणि घरातल्यांना हाताला धरून जेवायला बसवतात. पुढे कितीतरी दिवस संध्याकाळी प्रार्थनेला माणसे जमतात. इमारतींत राहणाऱ्या कुटुंबांना नेमके हेच मिळत नाही. दहाव्या मजल्यावर कोण गेले, हे सहाव्या मजल्यावर कळत नाही. म्हणून लहान ख्रिस्ती समूहाने प्रत्येक इमारतीत निदान दोन माणसे अशी ठरवून ठेवावीत, की ज्यांचा फोन क्रमांक त्या इमारतीतील प्रत्येक कॅथलिक घरात आहे.

चर्चच्या सणावर इतका खर्च का करायचा? तेवढेच पैसे गरिबांना दिले तर?

हा प्रश्न प्रामाणिक आहे. सण म्हणजे उधळपट्टी नव्हे, हे मान्य करूनही मी म्हणेन की रोषणाई, फटाके आणि वाद्यवृंद यांवरचा खर्च बऱ्याच ठिकाणी हाताबाहेर गेला आहे आणि त्यावर वित्त समितीने मर्यादा घालावी. मात्र सण बंद करून गरिबांचे भले होणार नाही. नोव्हेनात, म्हणजे सणापूर्वीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेत, वर्षभर न भेटलेली माणसे भेटतात, जुनी भांडणे मिटतात आणि कोण दिसत नाही हेही कळते. मे महिन्यात गावच्या क्रुसाजवळ संध्याकाळी प्रार्थना होते आणि शेवटी उकडलेले चणे वाटले जातात. ओंजळ पुढे करायची, गरम चणे घ्यायचे, आणि तेथेच उभ्याउभ्या बोलत राहायचे. त्या ओंजळींमध्ये श्रीमंत-गरीब हा भेद उरत नाही, कारण प्रत्येकाला तेवढेच मिळते. सणाचे जेवण असेल तर तेही याच रीतीचे असावे: एकच पंगत, एकच वाढप, कूपनाविना.

दातृत्व म्हणजे केवळ मदतवाटप का? धर्मग्रामाने याहून मोठे काही उभे केले आहे का?

वसईतच याचे ठळक उदाहरण आहे. १९१८ साली मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने बेसिन कॅथलिक सहकारी बँकेची स्थापना झाली. वाडीवाला शेतकरी सावकाराच्या व्याजात अडकलेला होता, आणि त्याला भिक्षा नको होती, वाजवी दराने भांडवल हवे होते. धर्मगुरू आणि शेतकरी यांनी मिळून आपलीच बचत आपल्याच लोकांच्या कामी आणली. ही बँक आज शंभरी ओलांडून पुढे गेली आहे. माझ्या मते दानपेटी आणि पतपेढी या एकाच वृत्तीच्या दोन बाजू आहेत. आजच्या संकटात मदत करावी लागते, पण तेच कुटुंब तीन वर्षांनी त्याच अडचणीत असेल तर धर्मग्रामाने पिशवीच्या पलीकडे काय करायचे याचा विचार केला पाहिजे.

केरळहून आलेल्या कुटुंबांकडूनही शिकण्यासारखे आहे. संत कुरियाकोस एलियास चावरा यांनी एकोणिसाव्या शतकात ‘पिडियारी’ची, म्हणजे मूठभर तांदळाची, पद्धत रुजवली. घरातील बाई रोज भात शिजवण्यापूर्वी एक मूठ तांदूळ वेगळ्या भांड्यात काढून ठेवत असे, आणि त्या तांदळातून गरीब मुलांना शाळेत दुपारचे जेवण मिळत असे. एका मुठीने घरातल्या कुणाचा घास कमी झाला नाही.

ही मदत कॅथलिकांपुरतीच असते का?

नसावी, आणि चांगल्या धर्मग्रामांत ती नसते. सोसायटीचे सभासद घरी जाताना धर्म विचारत नाहीत. वसईचे संत गोन्सालो गार्सिया स्वतः मूळचे व्यापारी. पुढे ते फ्रान्सिस्कन बंधू झाले, जपानमध्ये दुभाषे म्हणून राहिले आणि ज्या धर्मबंधूंसोबत ते होते, त्यांनी मियाको, म्हणजे आजच्या क्योटो, शहरात कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये चालवली. ते रुग्ण काही ख्रिस्ती म्हणून आत घेतले गेले नव्हते. १५९७ मध्ये नागासाकी येथे गोन्सालोंना क्रुसावर वीरमरण आले. आपल्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई जपण्याच्या चळवळीत सर्व धर्मांच्या माणसांना सोबत घेतले, कारण विहिरींचे पाणी खारट झाले तर ते सर्वांचेच होणार होते.

आमची मुले परदेशात आहेत. ती धर्मग्रामाला पैसे पाठवू शकतात का?

भारतीय पारपत्र असलेली व्यक्ती स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवते ती रक्कम परकीय योगदान मानली जात नाही. ज्यांनी परदेशी नागरिकत्व घेतले आहे त्यांची देणगी मात्र, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी, परकीय योगदान ठरते. ती फक्त परकीय योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच, आणि २०२० च्या दुरुस्तीपासून स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील ठरावीक खात्यातच, स्वीकारता येते. म्हणून पाठवण्यापूर्वी कार्यालयात विचारावे. सुट्टीवर आलेल्या मुलाने रोख पाकीट देऊन जाणे हा सोपा मार्ग वाटतो, पण त्यामुळे धर्मग्राम अडचणीत येऊ शकतो.

माझी आई अंथरुणाला खिळली आहे. तिलाही काहीतरी द्यायचे आहे. काय सुचवाल?

तिला काय द्यायचे आहे, ते तिलाच विचारावे. आमच्या एका आळीतील आजी चालू शकत नाहीत, पण त्यांच्या परसात सोनचाफ्याचे झाड आहे. शनिवारी दुपारी त्या खाटेवर बसून नातवाने तोडून आणलेली फुले ओल्या फडक्यावर मांडतात, डाग पडलेली बाजूला काढतात आणि उरलेली केळीच्या पानात बांधून वेदीसाठी पाठवतात. रविवारी ख्रिस्तप्रसाद घेऊन येणारा सेवक त्यांना सांगतो की फुले वेदीच्या कोणत्या बाजूला ठेवली होती. आपल्या आईंचे नाव आजाऱ्यांच्या यादीत नसेल तर कार्यालयात द्यावे, म्हणजे दर आठवड्याला त्यांच्याकडेही कुणीतरी येऊ लागेल.